ठराव क्रमांक चार : स्थळ पाहणे

चूक माझ्या इतिवृत्तातून झाली, हे आधीच मान्य करते. आमच्या समाजाच्या वधू-वर सूचक मंडळाची मी चिटणीस. सभेत जो जे बोलेल ते तसंच लिहायचं, आपल्या पदरचा शब्द घालायचा नाही, हा माझा नियम. दसऱ्याआधीच्या सभेत अध्यक्ष म्हणाले, "आता पुस्तिका छापणं पुरे. मंडळाचं संकेतस्थळ पाहिजे. ते ठेवायला चांगली कंपनी पाहावी लागेल." आमचे नोंदवहीप्रमुख काका तोवर खुर्चीत डुलक्या घेत होते. 'स्थळ' आणि 'पाहावं लागेल' एवढंच त्यांच्या कानावर गेलं. डोळे न उघडता ते म्हणाले, "स्थळ मी पाहतो."

सगळे हसले. कुणीतरी अनुमोदन दिलं. मी लिहिलं: "ठराव क्रमांक चार. स्थळ पाहण्याचे काम एकमताने नोंदवहीप्रमुखांकडे सोपवण्यात आले."

माझ्या कामांच्या यादीत 'होस्टिंग कंपनी निवडणे' या ओळीपुढे 'तीन दिवस' असं लिहिलेलं होतं. काकांनी साडेतीन महिने घेतले.

काका भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले. वर्ध्याला लागून बोरगाव मेघेत आमच्याच गल्लीत, चार घरं सोडून राहायचे. नोकरीभर लोकांच्या शेतांचे बांध मोजले, म्हणून सगळे त्यांना मोजणीवाले काका म्हणत. निवृत्तीनंतर मंडळाची नोंदवही त्यांच्या हातात आली आणि ते माणसंही शेतासारखी नोंदवू लागले. प्रत्येक पानावर उंची, शिक्षण, नोकरी यांच्या खाली 'चतुःसीमा' असा एक रकाना. एका इंजिनिअर मुलाच्या पानावर मी स्वतः वाचलेलं असं: "पूर्वेस सख्खा काका, बोलणे बंद. पश्चिमेस आटाचक्की, सकाळी सहापासून आवाज. दक्षिणेस नगरसेवक. उत्तरेस रिकामा प्लॉट, डुकरे." मुलाच्या स्वभावासाठी रकाना नव्हता. मी त्याबद्दल विचारलं तर म्हणाले, "चिटणीसबाई, स्वभाव मोजता येत नाई. डुकरं मोजता येते."

कागदावर त्यांचा विश्वास नव्हता. खात्यात जागेवर जाऊन पाहण्याला मौका म्हणतात. "मौका पाह्यल्याशिवाय सही नाई" हे त्यांचं पहिलं वाक्य, आणि "कागद खोटं बोलते, बांध बोलत नाई" हे दुसरं. मुलाच्या घरी ते न सांगता जात. पाणी मागत आणि ते आणायला कोण उठतं ते बघत. खिशात मोजमापाची फीत असे. यजमान आत गेले की बैठकीची लांबी-रुंदी घेऊन टाकत. निघताना कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर चौकशी. एक चांगला पगारदार मुलगा त्यांनी पानठेल्यावरच नापास केला. मी कारण विचारलं.

"ठेलेवाल्यानं लई तारीफ केली."

"मग चांगलंच ना, काका?"

"दिवसातून किती वेळा जात असंन तो तिथं, ते मोजा."

आता काका वर्ध्यात राहत नाहीत, पण दुकानदाराने एखाद्या वस्तूची फार स्तुती केली की मी अजून ती वस्तू परत ठेवते.

स्वतःच्या लेकीचं स्थळही त्यांनीच पाहिलं होतं. चतुःसीमा निर्दोष. घर तीनदा मोजलेलं. दीड वर्षात लेक परत आली. मारझोड नव्हती; रोजचं थोडं थोडं टोचणं होतं. येताना एक बॅग आणता आली. तिची पदवीची मूळ कागदपत्रं तिकडेच राहिली. काका ती आणायला जात, तेव्हा व्याही चहा देत आणि म्हणत, "देऊ ना, घाई काय आहे?" लेक मग झेरॉक्सवर अर्ज करत राहिली.

नोंदवहीच्या शेवटी 'पुनर्विवाह' असा वेगळा भाग होता. त्यात तिचं पान होतं, काकांच्या अक्षरात, पेन्सिलीने. मंडळाची अख्खी वही संकेतस्थळावर जाणार म्हणजे ते पानही जाणार. एकदा तिकडे गेलेलं पान कुणी कुठे नेलं, कुणी फोटो काढून ठेवला, कुणाच्या हाती राहिलं, हे कोण बघणार? सभेत यावर कुणी बोललं नाही, काकासुद्धा नाही. पण ठराव चार साडेतीन महिने त्या एका पानाशी अडला होता, हे आम्हा सर्वांना माहीत होतं.

मी आपली माझ्या पद्धतीने त्यांना समजावायला गेले. संकेतस्थळ म्हणजे आपलं सामान. ते दिवसरात्र चालू असणाऱ्या कुणाच्या तरी संगणकावर ठेवावं लागतं. तशी जागा देणाऱ्या कंपन्या असतात, त्यांतली एक निवडायची. सोबत माझी यादी होती: दर, जागा, वेग, सुरक्षा, फोन उचलतात का. काकांनी डोळे मिटून ऐकलं.

"म्हणजे पोरगी आपली, नांदणार दुसऱ्याच्या घरी."

"तसं म्हणा हवं तर."

"मंग तुमची यादी चुकली, बाई. तिच्यात घर कुठंच नाई."

मी कंपन्यांची माहितीपत्रकं वाचून दाखवायची आणि त्यांनी वहीत लिहायचं, असं सुरू झालं. शेअर्ड होस्टिंग, म्हणजे एका संगणकावर शेकडो साइटी. काकांनी लिहिलं, "एकत्र कुटुंब. नळ एक." व्हीपीएस, म्हणजे संगणक एकच पण आपला वाटा वेगळा. "घर एक, चूल वेगळी." पूर्ण संगणक आपला एकट्याचा, त्यावर, "स्वतंत्र बंगला. ऐपतीबाहेर. शिवाय एकटी पोरगी बंगल्यात करणार काय?" क्लाउड समजावताना मीच अडखळले, कारण सामान नेमकं कोणत्या शहरात आहे ते पत्रकात नव्हतं. काकांनी लिहिलं, "फिरतीचे लोक." मी सेवाग्रामला दवाखान्याच्या नोंदी विभागात काम करते. तिथे याच विषयावर दोन दिवसांचं प्रशिक्षण झालेलं. त्यात मला एवढं समजलं नव्हतं, हे सांगायला हरकत नाही.

एका कंपनीच्या जाहिरातीत 'अनलिमिटेड' असं होतं. काकांनी नकाशे पाहायचं भिंग काढलं. "अनलिमिटेड जमीन मी उभ्या नोकरीत पाह्यली नाई," म्हणाले, आणि पान वरपासून खालपर्यंत तपासलं. त्या शब्दाच्या डोक्यावर बारीक चांदणी होती. चांदणीचा माग काढत ते तळाला गेले. तिथे लिहिलेलं, 'वाजवी वापराच्या मर्यादेत'. काकांनी त्यावर बोट ठेवलं. "हा पाहा बांध."

फोनवरची बोलणी माझ्यासमोर, स्पीकरवर व्हायची. काकांचं हिंदी सरकारी मोजणीत कमावलेलं, कुणालाही न घाबरणारं.

"सर, हमारा अपटाइम नाइंटी नाइन पॉइंट नाइन परसेंट है," पलीकडचा मुलगा म्हणाला. अपटाइम म्हणजे साइट चालू असण्याचा वेळ.

"और बाकी का?"

"जी सर?"

"वो जो पॉइंट एक बचा, उसमें क्या करते तुम लोग?"

"सर, वो मेंटेनन्स रहता है."

"हमारे तरफ एक लडका था. महीने में एकही दिन पीता था. उसका बाप भी मेंटेनन्सच बोलता था."

फोन कटला. कुणी कापला ते मी पाहिलं नाही. वहीत नोंद झाली, "प्रश्न विचारलेला आवडत नाही."

दुसऱ्या एका कंपनीच्या साइटवर गप्पा मारणारं यंत्र होतं. त्याला बाईचं नाव आणि हसरा चेहरा दिलेला. काकांच्या सांगण्यावरून मी टाइप केलं, 'आपले माहेर कोठले?' उत्तर आलं, 'माफ करा, मला समजलं नाही. खालीलपैकी एक पर्याय निवडा.' काकांनी तिला तीन संधी दिल्या. मी सांगितलं, काका, हे यंत्र आहे. "माहीत आहे," म्हणाले. "पण घरच्यांनी बोलायले तिलेच बसवलं ना? सोता कायले लपून राह्यले?" पहिल्या वर्षी अगदी स्वस्त आणि दुसऱ्या वर्षी तिप्पट, असं एका पत्रकात होतं. त्यावर त्यांनी वेळ घालवला नाही. "लग्नाच्या आधी 'आमाले काही नको, पोरगी द्या' म्हणते ते हेच लोक."

दिवाळी झाली. संक्रांत जवळ आली. अध्यक्षांचे फोन मला यायला लागले, कारण काका त्यांचे उचलत नसत. शेवटी एक कंपनी काकांच्या मनात भरली. दर ठीक, फोनवर माणूस बोलतो, बोलताना जेवत नाही. तिच्या समाधानी ग्राहकांच्या यादीत कारंजा घाडगेचा एक ढाबा होता.

"नांदत्या सुनेले विचारल्याशिवाय घर समजत नाई," काका म्हणाले.

रविवारी माझ्या गाडीने आम्ही निघालो. पाणी, चार्जर, वही, फीत. फीत कशाला, हे मी विचारलं नाही.

ढाबा महामार्गाला लागूनच होता, बाहेर ट्रकची रांग. मालक गल्ल्यावर बसून स्वतःच भजी खात होता. काकांनी आधी दाल आणि रोट्या मागवल्या, पाणी कोण आणतं ते पाहिलं आणि मग विषय काढला.

"तुमची साईट कशी आहे हो?"

"साईट? होती बाप्पा एक."

"होती म्हणजे? काऊन बंद केली?"

"मी कायले बंद करू? तिकडंच अडकून राह्यली ते. मी म्हटलं दुसऱ्या कंपनीत नेतो, तं सामान सोडत नाई. फोटो त्यायच्याजवळ, मेनू त्यायच्याजवळ. अन् साईटचं नाव तं ज्यानं बनवून देल्ली त्याच्याच नावावर. तो गेला पुण्याले."

"म्हणजे पोरगी तुमची, अन् कन्यादान त्यानं केलं."

"हाव, तसंच समजा," मालक हसला. "कंपनीले फोन केला का गोड बोलते. म्हणते, देऊ ना सर, घाई काय आहे."

काकांचा घास हातातच राहिला. मालकाला वाटलं दाल तिखट झाली. त्याने दही मागवलं. काकांनी ते बाजूला सारलं, हात धुतले आणि गाडीत जाऊन बसले. फीत बाहेर निघालीच नाही.

 परतीच्या वाटेत काका खिडकीकडे बघत म्हणाले, "त्या घरी मी साठ प्रश्न विचारले होते, बाई. वहीत आहेत. एक राह्यला."

"कोणता?"

"उद्या पोरगी परत निघाली, तं काय काय वापस देसान?"

मी गाडी चालवत होते, ते बरं झालं. रात्रीच्या स्वयंपाकाआधी मी माझी यादी नव्याने काढली. दर, जागा, वेग सगळं खाली गेलं. वर एकच ओळ: निघताना सगळं परत मिळतं का, आणि नाव कुणाच्या नावावर राहतं.

जानेवारीच्या सभेत अध्यक्ष चिडूनच आले. मंडळाच्या वधू-वर मेळाव्याच्या पत्रिका छापून झाल्या होत्या. 'संकेतस्थळाचे उद्घाटन, प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते कळ दाबून' असं त्यात होतं. फक्त कळीला जोडायला काही नव्हतं.

"काका, तुमी साईट पाहून राह्यले का सोयरीक?"

"ठराव वाचा," काका म्हणाले. वही मांडीवर, दोन्ही हात वहीवर.

मला इतिवृत्त वाचावं लागलं. "स्थळ पाहण्याचे काम" इथपर्यंत आले तेव्हा अध्यक्षांनी माझ्याकडे जे पाहिलं, ते कोणत्याही इतिवृत्तात लिहिता येत नाही.

"हे पाहा," ते म्हणाले, "माह्या मेहुण्याचंच होस्टिंगचं काम आहे नागपूरले. फुकट देते. अनलिमिटेड. उद्या वही द्या, परवा साईट चालू."

त्यांनी मेहुण्याला फोन लावला आणि टेबलावर ठेवला. मेहुण्याने सगळ्यांना नमस्कार केला, समाजकार्य म्हणून करतो आहे असं सांगितलं. काका फोनजवळ वाकले.

"एकच विचारतो. उद्या आमी निघालो, तं वही जशीच्या तशी परत देसान? अन् तुमच्याजवळची पुसून टाकसान?"

"अहो काका," मेहुणा मोकळा हसला, "निघायची गोष्टच कायले करता? आपलं घरचंच तं आहे."

खोलीत कुणी हसलं नाही. आमच्या समितीत बाया पाच आहेत. पाचही जणी टेबलाकडे बघत होत्या. हे वाक्य कुठून येतं आणि त्याच्यापुढे काय होतं, हे प्रत्येकीला कुणाच्या ना कुणाच्या घरातून माहीत होतं. कोषाध्यक्ष काकू, ज्या सभेत फक्त चहा किती सांगायचा एवढंच बोलत, त्या म्हणाल्या, "माहं अनुमोदन लिहा."

"कशाला?" मी विचारलं. ठराव कुणी मांडलाच नव्हता.

"तिकडं नको, याले."

मी लिहिलं. अध्यक्षांनी फोन उचलून घेतला आणि मेहुण्याला आवाज येत नसल्याचं सांगितलं.

शेवटी ठरलेली कंपनी लहान होती. तिचं नाव कुणी ऐकलं नव्हतं. फोनवर एक बाई बोलल्या, मराठीत, सपाट आवाजात. काकांनी आपला प्रश्न सगळ्यात आधी विचारला. त्या म्हणाल्या, "आमच्या अटींच्या पहिल्याच पानावर आहे, सर. तुमचं सगळं तुम्ही केव्हाही उतरवून घेऊ शकता. सोडल्यावर तीस दिवसांनी आम्ही पुसतो, आणि पुसल्याचं पत्र देतो. नाव तुमच्या मंडळाच्याच नावावर घ्या, आमच्या नको." काकांनी त्यांना तेच पुन्हा बोलायला लावलं आणि शब्दशः उतरवून घेतलं. मग चतुःसीमा विचारली. बाई दोन मिनिटं कुणाशी तरी बोलून आल्या. वहीतली नोंद अशी आहे: "पूर्वेस जनरेटर. पश्चिमेस रखवालदार. दक्षिणेस दुसरा जनरेटर. उत्तरेस सांगत नाहीत." मौका न पाहता त्यांनी केलेली ही माझ्या माहितीतली एकमेव सही.

अटी त्यांनी आपल्याही घातल्या. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अख्ख्या साइटची प्रत काढून घरच्या डिस्कवर आणायची. माझ्या यादीत तो बॅकअप. काका त्याला माहेरपण म्हणत. लोक हसायचे, पण तारीख कुणी विसरत नसे. बॅकअप म्हटलं असतं तर दुसऱ्याच महिन्यात राहून गेला असता, हे मी अनुभवाने सांगते.

वहीतली पानं संगणकावर चढवायचं काम काकांच्या लेकीने केलं. तिच्याइतकं शुद्ध टाइप करणारं मंडळात कुणी नव्हतं. मेळाव्याला दहा दिवस असताना मी दुपारी त्यांच्याकडे गेले. सगळं तयार होतं, पण एकही पान साइटवर टाकलेलं नव्हतं.

"दुसऱ्याच्या पोरी धाडायच्या आधी आपली धाडावी," काका म्हणाले. "माह्या घरचं पान आधी टाका. मंग काढून पाहू. निघते का ते समजंन."

लेकीने स्वतःचं पान टाकलं. नाव, उंची, शिक्षण. पूर्वेस, पश्चिमेस. मी माझ्या फोनवर पाहिलं, दिसत होतं. काकांनी चष्मा पुसून वाचलं.

"आता परत आणा."

तिने पुसलं. मी माझ्या फोनवर पाहिलं, तिने तिच्या. मी सेवाग्रामला माझ्या सहकाऱ्याला फोन करून तिथूनही पाहायला लावलं. पान कुठेच नव्हतं. काका खुर्चीत मागे टेकले. साडेतीन महिन्यांत मी त्यांना पहिल्यांदा टेकलेलं पाहिलं.

"झालं. आता टाक परत," ते म्हणाले. लेकीचा हात माऊसवर गेला, तसे ते पुन्हा पुढे आले. "थांब." वहीतलं तिचं पेन्सिलीचं पान त्यांनी उघडलं. मग म्हणाले, "बेटा, टाकायचं का?"

ती वळली. मी त्या घरात तोवर बारा वर्षं जात-येत होते. तिला काही विचारलेलं मी पहिल्यांदा ऐकत होते. तिच्याही ते लक्षात आलं असावं, कारण तिने माऊसवरचा हात काढून घेतला.

"विचार करून सांगते, बाबा."

"किती दिवस?"

"आठ."

मी सवयीने तारीख लिहून घेतली. आठव्या दिवशी तिने नाही म्हणून सांगितलं. काकांनी कारण विचारलं नाही. वही मिटली आणि मला म्हणाले, बाकीची चढवा.

मेळावा झाला. प्रमुख पाहुण्यांनी कळ तीनदा दाबली, कारण सभागृहात नेटवर्क नव्हतं. चौथ्यांदा अध्यक्षांनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला सांगितल्या आणि उद्घाटन झालं. साइट घरोघरी व्यवस्थित दिसत होती. महिनाभराने मी माहेरपणाची डिस्क द्यायला काकांकडे गेले होते, तेव्हा त्या कंपनीच्या बाईंचा फोन आला. स्पीकर चालूच.

"सर, आमच्या सेवेबद्दल तुम्ही समाधानी आहात का?"

"हाव. घर चांगलं आहे तुमचं. सरळ लोक आहा."

"काही तक्रार, काही सूचना?"

काकांनी मागे वळून पाहिलं. आत लेक कसला तरी फॉर्म भरत होती, दार उघडं होतं.

"तक्रार नाई, बाई. आमच्या पोरीले पसंत नाई पडलं, एवढंच. तुमची काही चूक नाई त्याच्यात."

पलीकडे गोंधळ झाला. "म्हणजे सर, साइट बंद करायची आहे का?"

"नाई नाई," काका म्हणाले, "साईट नांदू द्या. पोरगी घरी राह्यते."